वाकळ कोणत्या वर्गात बसवावी?

कामगार संघटनेत हयात घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून बोनस, महागाईभत्ता, फार तर मे दिनाचा इतिहास एवढ्यावर बोलावे, अशी साधारण अपेक्षा असते. मी वाकळेवर बोलणार आहे. हिलाच कोणी गोधडी म्हणतात. आणि आपल्या वऱ्हाडी बोलीत जेथे 'ळ'चा 'य' होतो तेथे ती 'वाकय' होते. विषय हलका आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी थोडा दम धरावा. मजुरीच्या प्रश्नापासून मी फार दूर जाणार नाही.

अमरावती-अकोल्यासारख्या शहरांत महिला मंडळांची, बचतगटांची, शाळांची प्रदर्शने भरतात आणि त्यांत स्पर्धा असतात. रांगोळीचा एक वर्ग, पाककलेचा एक, भरतकामाचा एक, विणकामाचा एक. एखादी बाई काखेत वाकळ घेऊन आली की टेबलामागे बसलेल्या कार्यकर्तीची पंचाईत होते. भरतकाम म्हणावे तर वेलबुट्टी नाही. विणकाम म्हणावे तर सुया दोन नाहीत, एकच. अखेर तिची रवानगी 'टाकाऊतून टिकाऊ' या वर्गात होते. तेथे तिच्या शेजारी लग्नपत्रिकांची फुले आणि बाटल्यांच्या फुलदाण्या मांडलेल्या असतात. परीक्षक येतात, फुलांपाशी थबकतात आणि पुढे जातात.

प्रदर्शनाचे वर्ग पाडणे ही संयोजकांची एक किरकोळ सोय आहे, असे आपण समजतो. परंतु कारखान्यात ज्यांनी वाटाघाटी केल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की, निम्मा तंटा वर्गवारीचाच असतो. कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा तीन रकान्यांपैकी माणूस कोणत्या रकान्यात पडला, यावर त्याच्या घरची चूल ठरते. जिनात कापसातली कवडी आणि पाचोळा वेचणाऱ्या बाईच्या बोटांना जे कळते ते शिकायला एक हंगाम पुरत नाही. तरी हजेरीपटावर ती अकुशल. कारण तो रकाना तिच्या येण्याआधीच छापलेला असतो. वाकळेचेही तसेच झाले आहे, आणि ते कसे झाले याला चांगला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी वस्तू पाहू. जुनी लुगडी, अलीकडे साड्या, वरच्या व खालच्या अंगाला घ्यायच्या. मध्ये धोतराचे पान, फाटके सदरे, परकर, मुलांचे शाळेचे कपडे, जे घरात असेल ते उसवून, धुवून, सपाट करून पसरायचे. चार कोपऱ्यांवर विटा नाहीतर पाटा-वरवंटा ठेवायचा, म्हणजे थर सरकत नाहीत. लांब टाक्यांनी कच्चे टाचण घालायचे आणि मग कडेपासून आत धावदोरा सुरू. यातली खरी विद्या दिसत नाही. कोणते कापड कोणत्या कापडाखाली घालावे, विरलेला भाग कोठे लपवावा, शिवणीवर शिवण येऊन सुई अडणार नाही अशी मांडणी कशी करावी, हे सारे टाका घालण्याआधी ठरते. जुन्या कापडाला कोरे कापड जोडले तर पहिल्याच धुण्यात कोरे आटते आणि सगळी वाकळ एका अंगाला ओढते. हे शिवणारीला कोणी शाळेत शिकविलेले नसते.

आता माझ्या सवयीप्रमाणे थोडा हिशेब करतो. सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद अशी एक मध्यम वाकळ घेऊ. दोन ओळींत अर्ध्या इंचाचे अंतर धरले तर १०८ ओळी होतात. प्रत्येक ओळ ७२ इंचांची. म्हणजे एकूण शिवण २१६ यार्डांची. इंचाला चार टाके धरा, तर ३१,१०४ टाके झाले. जाड थरांतून मिनिटाला बारा टाके पडतात असे मानले तरी त्रेचाळीस तास लागतात. त्यात उसवणे, धुणे, मांडणे, टाचणे काहीच धरलेले नाही. आठ तासांचा दिवस धरून पाच दिवसांहून अधिक काम झाले. प्रत्यक्षात ते दुपारच्या फावल्या वेळात, महिनाभर रेंगाळत होते, आणि म्हणूनच त्याला कोणी काम म्हणत नाही. एका बाईंना मी एकदा त्यांची वाकळ प्रदर्शनात ठेवण्याविषयी सुचविले, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यात काय पाहाचं हाय भाऊ? फाटकं-तुटकंच त हाय!" एकतीस हजार टाके त्यांच्याही हिशेबी नव्हते.

आपल्या जिल्ह्यात वाकळेला एक मोठा माणूस भेटला होता. १८७६ साली शेंडगावात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर १९०५ साली घर सोडून निघाले आणि चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा व मडके घेऊन गावोगाव हिंडले. लोक त्यांना गाडगे महाराज म्हणू लागले; पुष्कळ ठिकाणी त्यांना गोधडे महाराज किंवा चिंधेबुवाही म्हणत. रस्ता झाडायचा, मग कीर्तनात लोकांची डोकी झाडायची, असा त्यांचा क्रम. २० डिसेंबर १९५६ रोजी ते वारले, आणि आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. महाराजांनी चिंध्या पांघरल्या त्या दारिद्र्याचे कौतुक म्हणून नव्हेत, असे माझे मत आहे. श्रोत्यांच्या पाठीवर जे होते तेच त्यांनी आपल्या पाठीवर घेतले. वऱ्हाडातला शेतमजूर त्या काळी काय पांघरून झोपत होता, हे ज्याला पाहावयाचे आहे त्याने त्यांचे जुने छायाचित्र पाहावे.

आणि येथेच खरे कोडे आहे. साऱ्या जगाला कापूस पुरविणाऱ्या मुलखात माणसे चिंध्या का पांघरीत होती?

निजामाकडून वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्याकडे वळली. रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपुरास पोचली. १८७० साली खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला आले. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला अमरावतीच्या नावावरूनच 'ऊमरा' म्हणत. बनी आणि जरी ही आपली देशी वाणे तिकडच्या दलालांच्या तोंडी बसली. सरकारने मध्य प्रांत व वऱ्हाडाकरिता एक स्वतंत्र कॉटन कमिशनर नेमला. त्याचे नाव हॅरी रिव्हेट-कार्नॅक.

या साहेबाचे १८६९ च्या सुमाराचे म्हणणे प्रसिद्ध आहे. ते मी माझ्या शब्दांत सांगतो. रेल्वेचा फाटा काढला की विलायती कापड आत येईल आणि देशी कापडापेक्षा स्वस्त विकले जाईल. त्यामुळे दोन फायदे होतील. येथे सूत कातण्यात जो कापूस खर्ची पडतो तो निर्यातीला मोकळा होईल. आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीला मोकळी होतील. साहेब दुष्ट होता असे मी म्हणत नाही. आपले काम तो चोख करीत होता. पण एका वाक्यात त्याने एका अख्ख्या मुलखाचा वर्ग बदलला. कापड करणारा मुलूख होता, तो कच्चा माल देणारा मुलूख झाला. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले तेव्हा घरचे धान्य नव्हते आणि अंगावर घरचे कापडही नव्हते. ज्या घरात नवे कापड क्वचित येते, त्या घरात जुने कापड टाकून देण्याची सोय नसते. मला वाटते, वाकळेचे थर या काळात जाड झाले असतील.

कापूस वाढला तसे जिन आले, आणि जिनांत बायका आल्या. येथेही वर्गवारीचाच खेळ पाहा. हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्यात वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारा कारखाना हा कारखानाच धरलेला नव्हता. जिन तर हंगामी! १८८५ साली मुंबई सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे शेजारच्या खानदेशातील जिनांविषयी साक्षी झाल्या. हंगाम भरात असताना बायका दिवस आणि रात्र मिळून कशा राबतात, हे त्यांत नोंदले गेले. १८९१ च्या कायद्याने बायकांना अकरा तासांची मर्यादा घातली, पण हंगामी कारखान्याला बरीचशी मोकळीक राहिलीच. हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत यावयास १९११ साल उजाडावे लागले. तीस वर्षे त्या बायका यंत्रासमोर उभ्या होत्या आणि कायद्याच्या भाषेत कारखान्यात नव्हत्या.

आता प्रदर्शनांकडे वळतो, कारण ही प्रदर्शने याच कापसाच्या गाडीतून आली. लंडनला १८५१ साली महाप्रदर्शन भरले, त्यात मालाचे तीस वर्ग केले होते. कच्चा माल निराळ्या वर्गांत, यंत्रे निराळ्या, तयार माल निराळ्या, कला शेवटी. हा साचा जगभर गेला. नागपुरास डिसेंबर १८६५ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत कला, कारागिरी व पीकपाणी यांचे मोठे प्रदर्शन भरले. पुढे १९०८ साली मध्य प्रांत व वऱ्हाड यांचे पुन्हा एक प्रदर्शन नागपुरात झाले. अशा प्रदर्शनांत बक्षिसे असतात, पदके असतात, आणि परीक्षक हिंडत असतात. परीक्षक कशासाठी हिंडतो? ज्याला बाजार आहे, किंवा बाजार मिळावा अशी इच्छा आहे, ते शोधण्यासाठी.

याचा सर्वांत स्वच्छ नमुना म्हणजे फोर्ब्स वॉटसन यांचे नमुना-ग्रंथ. १८६६ साली त्यांनी हिंदुस्थानातील कापडांचे सातशे तुकडे कापून अठरा खंडांत चिकटविले. असे वीस संच केले. तेरा विलायतेत ठेवले, सात इकडे धाडले. पागोट्याचा तुकडा, लुगड्याचा तुकडा, धोतराचा तुकडा, प्रत्येकाखाली लांबी, रुंदी, वजन, किंमत. येथील माणसे काय नेसतात हे तेथील गिरणीवाल्यांना कळावे, म्हणजे तसे विणून त्यांना विकता येईल, हा हेतू त्यांनी लपविला नाही. मी या खंडांविषयी प्रथम वाचले तेव्हा माझ्या मनात आले की, कापडाचे तुकडे एकत्र आणण्याचे काम आमच्या आया-बहिणीही करीत होत्या. त्यांच्या तुकड्यांखाली किंमत लिहिलेली नव्हती, एवढाच फरक.

दिल्लीला १९०२ च्या अखेरीस दरबार झाला, त्याबरोबर लॉर्ड कर्झनने हिंदी कलांचे प्रदर्शन भरविले. जॉर्ज वॉट या विद्वान गृहस्थाने त्याची सूची रचली. ती १९०३ साली छापली गेली. धातू, दगड, काच व माती, लाकूड असे करीत दहा विभाग. सातवा विभाग विणलेल्या वस्त्रांचा, आठवा भरतकामाचा, नववा गालिचे व चटयांचा. सूची उत्तम आहे; मी कमी लेखीत नाही. पण हे खण पाहून वाकळ हातात घेऊन उभे राहा, म्हणजे अडचण कळते. ती विणलेली नाही, ती विणलेल्याची पुन्हा केलेली आहे. तिच्यात टाका आहे, पण तो शोभेसाठी नाही, धरून ठेवण्यासाठी आहे. अंथरली तर चटई, पांघरली तर वस्त्र, आणि लेकराखाली घातली की दुपटे. बंगालात कांथेवर चित्रे काढलेली असत, म्हणून गुरुसदय दत्तांसारख्या रसिकाने ती गोळा केली आणि तिला संग्रहालय लाभले. आमच्या वाकळेवर हत्ती-घोडे नाहीत. जुन्या लुगड्याचा काठ हीच तिची नक्षी.

थोडे विषयांतर करतो. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडी पासोडीवर आपला ग्रंथ लिहिला, आणि ती पासोडी लोकांनी जपली. म्हणजे पांघरुणाला ग्रंथाचा मान आपल्याकडे एकदा मिळालेला आहे. फक्त वर शाई पडावी लागली.

सरकारी प्रदर्शनांना उत्तर म्हणून स्वदेशीची प्रदर्शने निघाली. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाला जोडून १९०१ पासून औद्योगिक प्रदर्शन भरू लागले. पुढे खादी आली. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला, आपल्या वेशीवरच, अधिवेशन झाले, नंदलाल बसूंनी ती नगरी बांबू-तट्ट्यांतून सजविली, आणि तेथेही खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते. पण मला त्या काळातले सर्वांत मोठे काम त्याआधीचे वाटते. १९३५ साली गांधीजींनी चरखा संघापुढे प्रश्न टाकला की, सूत कातणाऱ्या बाईला मिळणाऱ्या पैशांत तिचे पोट भरते काय? आठ तासांच्या कताईला आठ आणे पडले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. खादी महाग होईल, खप पडेल, म्हणून जवळच्या माणसांनीही कुरकूर केली. त्यांनी आग्रह सोडला नाही, आणि आठ आण्यांपर्यंत नसले तरी कताईचे दर वाढले. खादी-ग्रामोद्योगाच्या साऱ्या वाङ्मयात माझ्यासारख्या युनियनवाल्याला भावलेले पान हेच. फावल्या वेळेचे काम म्हणून ज्याला सगळे हसत होते त्याला तासांचे माप लावले गेले. त्या मापाने मघाच्या आपल्या वाकळेची नुसती शिलाई दोन रुपये अकरा आणे होते. १९३५ साली असल्या कामाला कोणी दोन रुपये अकरा आणे दिले असते काय, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

वाकळेची परीक्षा घेऊन बक्षीस देण्याची पद्धत जेथे खरोखर रुजली तो देश अमेरिका. तिकडे थरांची शिवलेली पांघरुणे घरोघर होत, आणि शेतकी जत्रांत लोणची, भोपळे, वासरे यांच्याबरोबर त्यांचाही निकाल लागे. पहिल्या क्रमांकाला निळी फीत. तेथील परीक्षक पाठीमागची बाजू पाहतो, कोपरे काटकोनात आहेत का ते पाहतो, टाके सारखे आहेत का ते मोजतो. आपण सतरंजी घेताना उलटून पाहतो तसेच. या साऱ्या स्पर्धांत सर्वांत मोठी झाली ती १९३३ साली, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने. सिअर्स, रोबक नावाच्या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीने ती भरविली. मंदीचा भर होता. पहिले बक्षीस एक हजार डॉलर, सारी बक्षिसे मिळून साडेसात हजार. देशभरातून सुमारे चोवीस हजार पांघरुणे आली. 'शतकाची प्रगती' या प्रदर्शनाच्या विषयावर नवे चित्र शिवणारीने पहिला क्रमांक पटकावल्यास तिला दोनशे डॉलर जादा, असे जाहीर झाले होते. कितीतरी बायकांनी त्या आशेने विमाने, आगगाड्या, उंच इमारती शिवल्या. परीक्षकांनी मात्र जुन्या वळणाच्या नक्षीला कौल दिला, आणि त्या बायकांनी कंपनीला तक्रारीची पत्रे लिहिली.

पहिले बक्षीस केंटकी राज्यातील लेक्सिंग्टनच्या मार्गारेट रॉजर्स केडन यांना मिळाले. त्यांचे हस्तकलेचे दुकान होते. बक्षीसपात्र पांघरूण राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी श्रीमती रूझवेल्ट यांना नजर करण्यात आले. पुढे मेरीके वॉल्डवोगेल आणि बार्बरा ब्रॅकमन या दोघी संशोधक बाईंनी चौकशी केली आणि १९९३ साली पुस्तक छापले, तेव्हा कळले की केडनबाईंनी त्यात एक टाकाही घातलेला नव्हता. दुकानासाठी घरी बसून काम करणाऱ्या बायकांनी ते शिवले होते. बक्षिसातला वाटा त्यांना मिळाला नाही. त्यांनी त्या वेळी तोंड का उघडले नाही? मंदीत जे काम हातात होते तेच जाईल, ही भीती. श्रोतेहो, अंगावर काम घेऊन घरी बसून करणाऱ्या बायकांना संघटित करण्याचा ज्यांनी प्रयत्न केला आहे त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. विडीच्या कामात, शिवणाच्या कामात, पापडाच्या कामात हेच ऐकू येते. चोवीस हजार पांघरुणांच्या त्या स्पर्धेत टाके मोजले गेले, पण टाके कोणाचे हे विचारले गेले नाही.

तिकडे नंतर पुष्कळ वाद झाले. केंटकीतल्याच पडुका गावी १९८५ पासून दरवर्षी मोठे पांघरूण-प्रदर्शन भरू लागले. १९८९ साली तेथे कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्रावर शिवलेल्या पांघरुणाला सर्वोत्कृष्ट ठरविले गेले आणि गहजब झाला. हाताचे ते खरे की यंत्राचे? खादी आणि गिरणीचे कापड यांवर आपण भांडलो त्याचीच ही आवृत्ती. माझे मत विचाराल तर, शिलाई यंत्राला मी बाटगे समजत नाही. यंत्र पायाने मारणारी बाईसुद्धा कामगारच आहे. फक्त तिची तुलना हाताच्या टाक्याशी करू नये, वर्ग वेगळा ठेवावा.

आणखी एक हकिकत सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याशी फार जवळची आहे. अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून एक वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून आणलेल्या काळ्या लोकांची ती मुलेनातवंडे. ज्या युद्धाने त्यांची गुलामी कायद्याने संपविली, त्याच युद्धाने आपल्या शेतात कपाशी वाढविली. स्वतंत्र झाल्यावरही ते दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस वेचीत राहिले, आणि त्यांच्या बायका शेतावरचे विरलेले कपडे एकमेकांना जोडून पांघरुणे शिवीत राहिल्या. पृथ्वीच्या दोन टोकांना कापूस वेचणाऱ्या बायका एकाच कारणासाठी एकच काम करीत होत्या आणि त्यांना एकमेकींचा पत्ता नव्हता. १९६६ साली त्या भागातील बायकांनी सहकारी संस्था काढली. १९७२ साली तिला कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवण्याचे मोठे काम मिळाले, आणि तेही सिअर्सचेच! पुढे २००२ साली त्यांची पांघरुणे ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कला-संग्रहालयांत चित्रांसारखी भिंतीवर लागली. २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. खाटेवरून उचलून भिंतीवर लावली की वर्ग बदलतो, आणि वर्ग बदलला की किंमत बदलते. किंमत बदलल्यावर हिशेबही निघाला. त्यांतल्या काही बायकांनी २००७ साली कोर्टात दावे लावले की, आमच्या कामाच्या नावावर इतरांनी कमाविले त्यात आमचा वाटा कोठे आहे? २००८ साली ते दावे आपसात मिटले.

आपल्याकडे वाकळेचा अभ्यास अगदीच झाला नाही असे नाही. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर २०१३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु वऱ्हाडात, कापसाच्या खुद्द माहेरात, काळ निघून चालला आहे. अकोल्याची सावतराम आणि मोहता गिरणी, अचलपूरची विदर्भ मिल १९७४ साली राष्ट्रीयीकृत झाल्या. त्यांचे पुढे काय झाले हे येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरांनी भोगले आहे. अचलपूरला फिनले मिल नव्याने उभी राहिली, तीही २०२० च्या टाळेबंदीत थांबली. सुती लुगडे गेले, पॉलिस्टरची साडी आली. ती विरत नाही, घाम शोषत नाही, आणि टाक्याखालून निसटते. तरी बायका तिच्याच वाकळा करतात, कारण तीच घरात आहे. जुन्या सुती वाकळा आता पेट्यांत किंवा गोठ्यात आहेत. गावोगाव फिरून मजुरीने गोधड्या शिवून देणाऱ्या बायका अजून दिसतात. त्यांच्याकडून ही विद्या लिहून घेणारे कोणी दिसत नाही.

तेव्हा अमरावतीत किंवा अकोल्यात कोणी केवळ वाकळेची स्पर्धा भरवावयाची मनात आणील, तर वर्ग कसे पाडावेत याविषयी एका जुन्या वाटाघाटी करणाऱ्याची सूचना ऐकून घ्यावी. आकार आणि रंग यांवर वर्ग पाडू नयेत. घरातलेच कापड, घरच्याच हाताने शिवलेले, हा एक वर्ग असावा. मजुरी देऊन शिवून घेतलेली वाकळ निराळ्या वर्गात यावी, आणि तेथे मजुरी किती दिली हे लिहिणे सक्तीचे असावे. बक्षीस शिवणारीला मिळावे, शिवून घेणारीला मिळू नये. किलोवर विकत आणलेल्या कोऱ्या कातरणीची वाकळ सुंदर दिसते हे खरे, पण तिला जुन्या लुगड्याच्या वाकळेशी झुंजवू नये. बाळाच्या दुपट्याला वेगळे स्थान द्यावे, कारण तेथे मऊपणा पाहावयाचा असतो आणि परीक्षकाने ते गालाला लावून पाहावे. सर्वांत महत्त्वाचा वर्ग मी दुरुस्तीचा मानतो. वीस-पंचवीस वर्षे वापरलेली, पुन्हा पुन्हा ठिगळे लावलेली, एका पिढीने सुरू केलेली आणि दुसरीने जगविलेली वाकळ कोणत्याच प्रदर्शनात येत नाही, कारण ती मळकी दिसते. ती आणायला सांगावे. परीक्षकांत एक तरी बाई अशी असावी जी पोटासाठी गोधड्या शिवते. तिला भत्ता द्यावा आणि जेवण द्यावे; तो तिचा बुडालेला रोज आहे.

प्रवेशअर्जावर आजवर 'स्पर्धकाचे नाव' असा एकच रकाना छापतात. त्याऐवजी 'शिवणाऱ्यांची नावे' असा रकाना छापावा, आणि त्याच्यापुढे निदान सहा ओळी मोकळ्या सोडाव्यात.